कोवळ्या रोपांची राखण

आम्ही शाळेत असतानाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. चौथीच्या हजेरीपटावर एका मुलीच्या नावापुढे सलग बारा दिवस गैरहजेरी पडली होती. मुलगी अभ्यासात चांगली. आजारी असेल म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "मळ्यात असतील, गुरुजी."

मळ्यात गेलो. विहिरीच्या खालच्या अंगाला मेथीचे आठ-दहा वाफे होते. मुलगी बांधावर बसली होती. हातात पत्र्याचा डबा होता. पाखरू उतरले की ती डबा वाजवायची, "हा हा" करीत धावायची आणि पुन्हा येऊन बसायची. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच काम.

तिच्या आईला आम्ही शाळेचे महत्त्व सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "गुरुजी, तुमचं खरं आहे. पण मेथी पाखरांनी खाल्ली तर बाजारात काय नेऊ? आणि पोरीला वह्या कशाच्या आणू?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. बारा दिवसांत वर्गात भागाकार शिकवून झाला होता, आणि ही मुलगी पाखरे हाकीत बसली होती. आम्ही तसेच परत आलो. मग मनाशी ठरवले की शाळेच्या बागेत दोन वाफे करायचे, आणि राखणीला माणूस न बसवता रोपे कशी वाचतात ते पाहायचे. त्या खटाटोपात आम्ही काही चुका केल्या, काही गोष्टी शिकलो. त्याच येथे सांगतो.

पहिली गोष्ट ही, की चोर ओळखल्याशिवाय कुलूप लावू नये. सकाळी वाफ्यावर गेलो, रोपे गेलेली दिसली, की आपण लगेच म्हणतो, "पाखरांनी खाल्लं." पण रोपांना शत्रू पुष्कळ आहेत. रोप जमिनीलगत कापल्यासारखे आडवे पडले असेल, तर शेजारची माती बोटाने उकरून पाहा. काळपट रंगाची, वेटोळे करून बसलेली अळी सापडेल. ती दिवसा मातीत झोपते आणि रात्री रोपे कुरतडते. पानांवर आणि मातीवर चकाकणारा, वाळलेल्या चिकासारखा पट्टा दिसला तर तो गोगलगाईचा माग. रोप खाल्लेले नाही, पण बुडाशी पाणी भरल्यासारखे मऊ होऊन कोलमडले, तर तो रोग आहे. पाणी जास्त झाले, वाफ्यात पाणी साचले, रोपे फार दाट झाली, की हा रोग येतो. तिथे बुजगावणे उभे करून काय उपयोग?

पाखराची खूण वेगळी. कोवळे दळ वरून खुडलेले असते आणि नुसती काडी उभी राहते. नाहीतर पानांच्या कडा फाडल्यासारख्या दिसतात. कधी कोंब मुळासकट उपटून बाजूला टाकलेला असतो. मातीवर पायांचे ठसे आणि विष्ठा दिसते.

तरीही शंका राहिली तर एक सोपी परीक्षा आहे. दोन टोपली घ्या. वाफ्याच्या एका कोपऱ्यावर टोपले फक्त दिवसा पालथे घाला आणि रात्री काढा. दुसऱ्या कोपऱ्यावर फक्त रात्री घाला आणि दिवसा काढा. चार दिवस असे करा. दिवसा झाकलेली रोपे वाचली आणि दुसरी गेली, तर चोर पाखरू. रात्री झाकलेली वाचली, तर चोर रात्रीचा आहे. शाळेतल्या मुलांना ही परीक्षा फार आवडली. आमच्या एका वाफ्यात तर चोर निघाली शाळेशेजारच्या घरची कोंबडी! तिने पायाने उकरून अर्धा वाफा मोकळा केला होता, आणि आम्ही आठवडाभर चिमण्यांना दोष देत होतो.

आता पाखरे काय काय करतात ते पाहू. चिमण्या, होले आणि पारवे पेरलेले बी टिपतात. बी उघडे राहिले तर होल्यांची जोडी सकाळभर वाफ्यातून हलत नाही. उगवल्यावर चिमणी कोवळी दळे खुडते. बुलबुल वाटाण्याची कोवळी पाने आणि शेंडे खातो. कावळ्याला मक्याच्या पानाशी काही कर्तव्य नाही. त्याला खालचा मऊ झालेला दाणा हवा असतो. तो कोंब चोचीत धरून उपटतो, दाणा खातो आणि कोंब टाकून देतो. मोराचे तर विचारूच नका. तो बी उकरतो, कोंब खातो, आणि चालता चालता पायाखाली तुडवतो ते निराळेच.

पण या सगळ्यांत एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. ही ओढ फार दिवस टिकत नाही. मक्याचे रोप दोन आठवड्यांचे झाले की खालच्या दाण्यात काही उरत नाही. मग कावळा तिकडे फिरकत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांची खरी पाने चांगली फुटली आणि मुळे धरली, की चिमणीने एखादे पान तोडले तरी झाड मरत नाही. म्हणजे राखण करायची ती पेरल्यापासून दोन-तीन आठवडे. त्यातही पाखरांचा जोर सकाळी उन्हे तापेपर्यंत आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी असतो. भर दुपारी ती सावलीला बसतात.

हे कळल्यावर आम्ही विचार केला की हे धोक्याचे दिवसच कमी करता आले तर? त्यासाठी बी लवकर उगवले पाहिजे. मेथीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरले की साधारण तीन-चार दिवसांत कोंब वर येतो. धने आख्खे पेरू नयेत. हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि मग भिजवावेत. तरी कोथिंबीर आठ-दहा दिवस घेतेच, तिचा स्वभावच तसा. दुकानातून आणलेले औषध लावलेले बी मात्र भिजवू नये आणि त्याला हातही जपून लावावा.

बी फेकून पेरले की निम्मे वर राहते, आणि तेच पाखरांना आमंत्रण ठरते. बोटाने किंवा काडीने ओळी ओढाव्यात. बी त्यात टाकावे आणि चाळलेल्या शेणखताने झाकावे. बारीक बी अर्ध्या बोटाच्या पेराएवढे खोल, वाटाणा आणि मका दोन पेरे खोल. वर भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत पातळ पसरावे आणि झारीने पाणी द्यावे. पाखरांना बी दिसत नाही आणि ओलही टिकते. पण गवत काढायची वेळ चुकवू नका. कोंब दिसू लागले की त्याच दिवशी संध्याकाळी गवत उचलावे. आम्ही एकदा दोन दिवस उशीर केला. खालची रोपे पिवळी पडून लांबुडकी झाली होती. पाखरांपासून वाचवली आणि सूर्यापासून लपवली, असा तो प्रकार झाला.

गवत काढले की रोपे उघडी पडतात. आता खरे झाकण हवे.

ज्यांच्याजवळ काही नाही त्यांनी बोरी-बाभळीच्या काट्या वाफ्यावर आडव्या टाकाव्यात. काट्यांत पाखरू सहसा उतरत नाही. मात्र त्या रोपांवर दाबून टाकू नयेत. दोन्ही कडांना विटा किंवा दगड ठेवून त्यांवर टाकाव्यात. कोंबड्यांसाठी हा उपाय फार चांगला. अडचण एवढीच की खुरपायला बसले की हाताला रक्त येते.

यापेक्षा चांगला उपाय कामट्यांचा मांडव. आमचा वाफा दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, जमिनीपासून अर्धा फूट उंच होता. बांबूच्या सहा फूट लांबीच्या कामट्या घेतल्या. प्रत्येक कामटी कमानीसारखी वाकवून दोन्ही टोके वीतभर मातीत खुपसली. मधे दीड फुटाच्या आसपास उंची मिळते. दोन-दोन फुटांवर एक कामटी लावली. दहा फुटांना किती लागतात? पाच नव्हे, सहा. सुरुवातीची धरायला मुले नेहमी विसरतात, आणि मोठी माणसेही. सगळ्या कामट्या वरून एका सुतळीने बांधून घेतल्या की वाऱ्याने हलत नाहीत.

त्यावर काय घालायचे? घरात जुने, विरलेले नऊवारी लुगडे असेल तर ते चालते. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. ते मधोमध फाडले तर साडेतेरा फुटांचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकडे काठाला काठ लावून शिवले की दहा फुटांचा वाफा दोन्ही टोकांसकट झाकून कापड उरते. पण लुगड्याने ऊन अडते. म्हणून ते सकाळी नऊ-दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर घालावे, मधल्या वेळी काढून ठेवावे. पावसाळ्यात लुगडे वापरूच नये. भिजले की ते जड होऊन रोपांवर बसते.

मच्छरदाणीचे पांढरे कापड त्याहून बरे. त्यातून ऊन, वारा, पाणी सारे जाते, आणि ते दिवसभर राहू देता येते. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या रोपांना तर त्याचा दुहेरी फायदा आहे. जाळी अगदी बारीक असेल तर पांढरी माशीही आत शिरत नाही. ही माशी मिरचीचा आणि टोमॅटोचा पाने आकसण्याचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. आपण त्याला बोकड्या म्हणतो. रोप लहानपणीच त्या रोगातून वाचले तर पुढे पीक हाती लागते. हल्ली पुष्कळ जण ही रोपे रोपवाटिकेतून तयार आणतात. पण मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा हे तर आपल्याच वाफ्यात पेरावे लागते.

कापडाच्या चारही कडा मातीत दाबाव्यात किंवा त्यांवर लांब बांबू ठेवावा. चिमणी फटीतून आत शिरते आणि मग तिला बाहेर पडता येत नाही.

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्हांला मच्छरदाणीचे कापड महाग वाटले. कुणीतरी मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे दिले. आम्ही कामट्यांचाही कंटाळा केला आणि ते जाळे ढिलेच वाफ्यांवर पसरले. पुढे शनिवार-रविवार आला. शाळा बंद. कुणी फिरकले नाही. सोमवारी सकाळी मुले ओरडत आली. एक बुलबुल जाळ्यात उलटा लटकून मेला होता. खालच्या बाजूला एक धामण अडकली होती. सुटण्यासाठी तिने धडपड केली तसतसे जाळे तिच्या अंगात रुतले होते. साप ओळखणाऱ्या एका गड्याला बोलावून, कातरीने एकेक दोरा कापून तिला सोडवले. धामण विषारी नसते. उलट ती उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचीच चाकरी करते.

एका लहान मुलाने विचारले, "गुरुजी, हा पक्षी कुणी मारला?" आम्ही म्हणालो, "जाळ्यात अडकून मेला, बाळ." ते उत्तर अर्धेच खरे होते. जाळे आम्हीच टाकले होते.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. मोठ्या भोकांचे, ढिले जाळे वाफ्यावर टाकायचे नाही. जाळी बारीक आणि ताणून बसवलेली पाहिजे, बोटाने दाबली तर ढोलकीसारखी परत वर आली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ एक चक्कर मारायचीच. आणि पतंगाचा नायलॉनचा मांजा राखणीला कधीही वापरायचा नाही. तो पाखरांचे पंख कापतो, माणसाचा गळाही कापतो.

बुजगावण्याविषयी सगळे विचारतात. बुजगावणे उपयोगी आहे, पण ते सरकारी पाटीसारखे एकाच जागी उभे राहिले की त्याला कुणी भीत नाही. चार-पाच दिवसांत पाखरांना सारे कळते. शाळेच्या बुजगावण्याच्या डोक्यावर आठव्या दिवशी कावळा बसलेला आम्ही पाहिला. ते मुलांचे हसणे अजून आठवते. म्हणून बुजगावणे कोंब दिसल्यावर उभे करावे, आधी नव्हे. एक दिवसाआड त्याची जागा बदलावी, सदरा बदलावा. चकाकणाऱ्या फिती, वाऱ्याने वाजणारे डबे यांचेही तसेच. आठवडाभर काम देतात. मोठ्या शेताला जाळी परवडत नाही, तिथे हे उपाय आलटून पालटून करावे लागतात. लहान वाफ्याला मात्र झाकणच बरे.

उन्हाळ्यात आणखी एक करून पाहा. वाफ्यापासून पंधरा-वीस पावलांवर झाडाखाली मातीच्या परळात पाणी ठेवा. कोवळे पान पाखरू कधी भुकेने खाते, कधी तहानेनेही खाते असे आम्हांला वाटते. परळ ठेवल्यावर शाळेच्या बागेतली खुडाखुडी कमी झाली होती.

आता जरा कठीण विषय. काही जण त्रासून धान्याला विषारी औषध लावतात आणि बांधावर टाकतात. त्यांचा राग आम्हांला समजतो. रात्री पेरलेला भुईमूग सकाळी मोरांनी उकरलेला पाहिला की कुणाचेही डोके फिरेल. पण विष पाखराचे नाव विचारून पोटात जात नाही. ते दाणे कोंबड्या खातात. मेलेले पाखरू कुत्रे खाते. शेतात खेळणारे मूल तो दाणा उचलून तोंडात घालू शकते. शिवाय मोर हा १९६३ सालापासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. मोर मारला तर निदान ३ वर्षांची कैद होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली नावाचे गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि मोर एकत्र नांदत आले आहेत. मोर कुंपणावरून उडून येतो, म्हणून वाफ्याला नुसते कुंपण करून भागत नाही. वरूनही झाकावे लागते.

सगळी पाखरे मारली तर काय होते, हे एका देशाने करून पाहिले आहे. चीनमध्ये १९५८ साली सरकारने उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या यांना शत्रू ठरवले. चिमण्या धान्य खातात हा त्यांच्यावर आरोप. लोकांनी ताटे आणि ढोल वाजवून चिमण्यांना कुठे टेकूच दिले नाही. दमून त्या आकाशातून खाली पडत. असंख्य चिमण्या मेल्या. मग टोळ आणि किडी वाढल्या, आणि चिमणी जेवढे खात होती त्याहून जास्त त्या खाऊ लागल्या. १९५९ ते १९६१ या वर्षांत तिथे भयंकर दुष्काळ पडला. त्याला दुसरी मोठी कारणे होती, पण किडींचाही त्यात वाटा होता. १९६० साली चिमणीचे नाव त्या यादीतून काढले आणि तिच्या जागी ढेकणाचे घातले.

चिमणी स्वतः दाणे खाते हे खरे. पण पिल्लांना ती मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. घरट्याखाली थोडा वेळ उभे राहा. चिमणा-चिमणी किती खेपा घालतात ते मोजा. त्यातली प्रत्येक अळी कुणाच्या तरी शेतातून आलेली असते. साळुंक्या नांगरामागून चालत किडे वेचतात. कोतवाल पक्षी तर रोपाला चोचही लावत नाही. तो उंच जागी बसतो आणि खालची अळी, उडता किडा टिपतो.

म्हणून आम्ही असे करतो. रोपे हाताएवढी झाली, धोक्याचे दिवस संपले, की संध्याकाळी जाळी काढून घेतो. वाळल्यावर घडी करून पोत्यात घालतो आणि पोते आढ्याला टांगतो, नाहीतर उंदीर एका रात्रीत तिची चाळण करतात. कामट्या पुढच्या वर्षी उपयोगी पडतात. आणि मोकळ्या झालेल्या भाजीत दोन-तीन ठिकाणी उंच काठ्या रोवतो. काठीच्या टोकाला आडवी काडी बांधायची, म्हणजे पाखराला बसायला जागा होते. हरभऱ्यात घाटेअळीसाठी असे पक्षीथांबे लावायला सांगतात, ते हेच. ज्या पाखरांना तीन आठवडे बाहेर ठेवले, त्यांनाच मग आपण कामाला बोलावतो. हरभऱ्यात दाणे भरू लागले की मात्र काठ्या काढून घ्याव्यात. नाहीतर पोपट तिथेच बसून घाटे फोडतील.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. पुढच्या हिवाळ्यात तिची आई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, तो तुमचा मांडव दाखवा बरं." तिने हाताने कामट्यांतले अंतर मोजले, कापडाची कड उचलून पाहिली आणि काही न बोलता गेली. आठ दिवसांनी तिच्या मळ्यात मांडव उभे होते. सगळ्या वाफ्यांना पुरेल एवढे कापड नव्हते. म्हणून तिने एकदम सगळी पेरणी न करता दोन-दोन वाफे पंधरा-पंधरा दिवसांनी पेरले, आणि तेच कापड पुढच्या वाफ्यावर नेले. ही युक्ती आम्हांला सुचली नव्हती. बाजारातही तिची मेथी एकदम न येता थोडी थोडी येत राहिली.

मुलगी त्या हिवाळ्यात रोज शाळेत होती. मधल्या सुटीत मात्र ती मळ्याकडे पळायची, जाळीची कड कुठे उचलली तर नाही ना ते पाहायची, आणि घंटा व्हायच्या आत परत यायची. कधी कधी घंटेनंतर यायची. तेव्हा आम्ही हजेरीपटाकडे पाहत नसू.